रात्री कॅमेऱ्याचे चित्र जाते, सकाळी आपोआप परत येते : दोष कुठे शोधावा

दिवसभर स्वच्छ चित्र देणारा कॅमेरा दिवेलागणीनंतर काळा पडतो, डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचे चित्र साठवणाऱ्या पेटीच्या) पडद्यावर त्याच्या चौकटीत ‘व्हिडिओ लॉस’ अशी अक्षरे येतात आणि सकाळी उजाडले की कोणी हात न लावता चित्र पुन्हा सुरू होते, ही तक्रार अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात घरोघरी ऐकू येते. ‘भाऊ, रातले चित्र जास आनि सकायले परत येस,’ एवढे एक वाक्य ग्राहकाने सांगितले की निम्मे निदान तिथेच झालेले असते. तरीही बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून कॅमेराच बदलला जातो, नवा कॅमेरा चार-आठ दिवस बरा चालतो आणि पुन्हा तेच सुरू होते. कॅमेरा खरोखर खराब असेल, तर तो बहुधा दिवसाही कुठेतरी त्रास देतो. फक्त अंधारात बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत संशय आधी त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेवर घ्यावा.

कारण साधे आहे. दिवसा कॅमेऱ्यातील सेन्सर आणि चित्र पाठवणारी यंत्रणा एवढेच चालू असते. अंधार पडला की लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेऱ्याची भूक दुपटी-तिपटीने वाढते. बारा व्होल्टवर चालणारा साधा बुलेट कॅमेरा दिवसा ०.१२ ते ०.२ अँपिअर करंट घेत असेल, तर रात्री तो ०.४ अँपिअर किंवा त्याहूनही अधिक घेतो, आणि लांब पल्ल्याचे दिवे असलेले कॅमेरे तर याच्याही पुढे जातात. नेमका आकडा कॅमेऱ्याच्या पाठीवरील पट्टीवर वॉटमध्ये छापलेला असतो. त्याला बाराने भागले की रात्रीचा कमाल करंट कळतो. जी तार दिवसाचा करंट निमूटपणे वाहून नेते, तीच रात्री तोकडी पडते.

इथे तारेचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे, कारण पुढचे सर्व निदान त्यावर उभे आहे. बाजारात कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या ‘थ्री प्लस वन’ केबलमध्ये चित्रासाठी एक कोॲक्सियल तार आणि विजेसाठी तीन बारीक तारा असतात. स्वस्त केबलमध्ये या बारीक तारांची जाडी ०.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास भरते. शुद्ध तांब्याच्या इतक्या बारीक तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किलोमीटरला सुमारे ८६ ओहम असतो. डीव्हीआर ओट्यावरच्या खोलीत आणि कॅमेरा साठ मीटरवरच्या फाटकाशी असेल, तर वीज जाण्याची आणि परत येण्याची वाट मिळून १२० मीटर होते आणि एकूण रोध साधारण १०.३ ओहम भरतो. दिवसा ०.१२ अँपिअरला त्यात सव्वा व्होल्ट जातो, म्हणजे कॅमेऱ्याला पावणेअकराच्या आसपास मिळतात आणि तो तक्रार करत नाही. रात्री ०.४ अँपिअरला चार व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच संपतात आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी आठ व्होल्टही उरत नाहीत. त्यातच, अनेक कॅमेऱ्यांतील परिवर्तक (व्होल्टेज बदलणारा भाग) ठरलेले वॉट मिळवण्यासाठी व्होल्टेज उतरले की उलट अधिक करंट ओढतो, त्यामुळे घसरण आणखी वाढते. ठिबकची उपनळी प्रमाणाबाहेर लांब ओढली की शेवटच्या ड्रिपरशी पाणी थेंबाथेंबानेच येते आणि तिथे नवा ड्रिपर लावून काही साधत नाही. फाटकावरच्या कॅमेऱ्याचे तसेच आहे.

हा हिशेब शुद्ध तांब्याचा झाला. प्रत्यक्षात ‘कॉपर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, जिला दुकानदार आपसात सीसीए म्हणतात. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, म्हणजे वरच्याच साठ मीटरला सहा व्होल्टची घट. ओळखण्याची पद्धत सोपी आहे : तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ती सीसीए. याउलट वरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ते कथिल चढवलेले तांबे आहे आणि त्याला भिण्याचे कारण नाही. सीसीएची आणखी एक खोड म्हणजे ती जोडाशी वाकवली की तुटते आणि पावसाळ्यात जोडावर पांढरी भुकटी धरते. ज्या जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते, त्या जोडाचा रोध दरवर्षी मृगाच्या पावसानंतर वाढत जातो आणि मग मागच्या वर्षी व्यवस्थित चाललेला कॅमेरा या वर्षी का बंद पडतो याचा उलगडा कोणालाच होत नाही.

उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, दिवसभर पत्र्यालगत तापलेली केबल संध्याकाळीही चाळीस अंशांवर असते, म्हणजे वीस अंशांच्या तुलनेत रोध सात-आठ टक्क्यांनी अधिक. एरवी हे किरकोळ वाटते, परंतु आधीच काठावर चाललेल्या कॅमेऱ्याला तेवढे पुरते. म्हणून ‘फक्त उन्हाळ्यात रात्री जातो’ अशी तक्रार आली तरी शोध तारेपासूनच सुरू करावा.

आता मोजणीची गोष्ट, कारण बहुतेक जण चुकतात ते इथेच. मेकॅनिक शिडीवर चढतो, कॅमेऱ्याची पिन काढतो, मल्टीमीटरच्या तारा पिनला लावतो, पडद्यावर १२.१ दिसते आणि तो वरूनच ‘सप्लाय बरोबर आहे, कॅमेरा गेला’ असा निकाल देऊन मोकळा होतो. पिन काढली की करंट शून्य होतो आणि करंट शून्य असेल तर कितीही बारीक तारेत घट होत नाही. त्या वेळी मीटरला दिसतो तो खोलीतल्या एसएमपीएसचा (कॅमेऱ्यांना बारा व्होल्ट पुरवणाऱ्या पेटीचा) आकडा, कॅमेऱ्याला मिळणारा नव्हे. मोजणी कॅमेरा चालू ठेवूनच केली पाहिजे. त्यासाठी स्क्रू असलेली डीसी पिन बसवावी, म्हणजे जोडणी न काढता मीटरच्या तारा दोन स्क्रूंना टेकवता येतात; मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. दुसरी अट अशी की, मोजताना इन्फ्रारेड दिवे लागलेले असावेत. भर दुपारी रात्र आणायची असेल तर लेन्सशेजारच्या बारीक प्रकाशसंवेदकावर काळी चिकटपट्टी लावावी. ज्या कॅमेऱ्याला असा वेगळा संवेदक नाही, त्याच्या तोंडावर जाड काळे फडके गुंडाळावे. आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो इन्फ्रारेड गाळणी सेन्सरसमोरून सरकल्याचा. त्यानंतर आकडा वाचावा. साडेअकरा किंवा अधिक असेल तर वीज ठीक आहे. पावणेअकराच्या खाली गेला तर दोष सापडला असे समजावे, कारण बारा व्होल्टच्या कॅमेऱ्यांना साधारण दहा टक्के कमी-जास्त चालते, त्याहून अधिक नाही.

पारोळा तालुक्यातील एका खळ्यावर फाटकाशेजारच्या कॅमेऱ्याचे असे झाले होते की, खांबाखाली उभे राहिले तर दोष डोळ्यांना दिसत होता आणि कानांना ऐकूही येत होता. अंधार पडताच लेन्सभोवतीचे ठिपके मंद लाल उजळत, ‘टक्’ आवाज होई, क्षणात ठिपके विझत, पुन्हा ‘टक्’, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. दिवे लागले की व्होल्टेज कोसळून कॅमेरा रीस्टार्ट होई; रीस्टार्ट होताना दिवे बंद असल्याने व्होल्टेज वर येई; कॅमेरा जागा होऊन अंधार पाही आणि पुन्हा दिवे लावी. पहाटेपर्यंत हेच चक्र. लावणाऱ्याने तोवर कॅमेरा बदलून पाहिलेला होता आणि डीव्हीआरवरही संशय घेतला होता. खळ्याचे मालक असलेले आबा मात्र शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, तो रातभर उचक्या देतो.’ मीटरने दिवसा १०.९ आणि दिवे लागताच ८ च्या खाली असा आकडा दाखवला. असा ‘टक्-टक्’ आवाज येत असेल, तर मीटर आणण्याआधीच तारेवर बोट ठेवायला हरकत नाही.

मीटर हाताशी नसेल, तर एक खात्रीची चाचणी आहे. तोच कॅमेरा खांबावरून उतरवून डीव्हीआरशेजारी आणावा, हातभर तारेने एसएमपीएसला जोडावा आणि खोलीतले दिवे मालवून रात्रभर ठेवावा. तिथे तो न अडखळता चालला, तर कॅमेरा निर्दोष आहे.

डीव्हीआरच्या नोंदवहीकडेही लक्ष द्यावे. मेनूमधील ‘लॉग’ उघडला की ‘व्हिडिओ लॉस’च्या वेळा सापडतात. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. चित्र जाण्याची वेळ ऋतूबरोबर अशी सरकत असेल, तर इन्फ्रारेड दिव्यांशी संबंध पक्का समजावा. याउलट वेळ ऋतूनुसार न सरकता ठरलेल्या तासाला चिकटून असेल, तर शेतीपंपांच्या वीजपुरवठ्याचे वेळापत्रक पाहावे. रात्रपाळीची वीज आली की वावरातल्या मोटारी एकदम सुरू होतात, वाहिनीवरचे व्होल्टेज खाली येते आणि ज्या एसएमपीएसला खालचे व्होल्टेज पेलत नाही तो गडबडतो. त्याच्या पट्टीवर इनपुटची मर्यादा छापलेली असते. ‘१०० ते २४०’ असेल तर अशा रात्री तो तरतो. आणखी एक खूण अशी की, एकाच कॅमेऱ्याचे चित्र जात असेल तर दोष त्याच्या तारेत किंवा जोडात असतो, सर्वच कॅमेरे एकाच क्षणी जात असतील तर तो एसएमपीएसमध्ये किंवा त्याच्या मागे असतो.

एसएमपीएसबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. त्यावर ‘५ अँपिअर’ छापलेले असते आणि आठ कॅमेरे जोडताना कोणी हिशेब करत नाही. रात्री प्रत्येकी ०.४ धरले तर आठांचे ३.२ होतात, म्हणजे कागदावर पुरेसे. परंतु छापील आकडा आणि पेलणारा आकडा यांत स्वस्त मालात अंतर असते, शिवाय खान्देशात ही पेटी बहुधा पत्र्याच्या छताखाली, लाकडी कपाटात, इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलेली आढळते. आतील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. दोन-तीन उन्हाळे अशा कपाटात काढलेला एसएमपीएस मोकळा असताना १२ व्होल्ट दाखवतो आणि रात्रीचे ओझे पडले की ढेपाळतो. त्यामुळे त्याची मोजणीही सर्व कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागलेले असतानाच, त्याच्या डीसी टर्मिनलवर करावी. तिथेच १२ ऐवजी साडेदहा दिसत असेल, तर तार बदलण्याचा खर्च करू नये, एसएमपीएस बदलावा आणि नवा घेताना एकूण गरजेच्या दीडपट क्षमतेचा घ्यावा. त्याच पेटीत २३० व्होल्टचे टर्मिनल उघडे असतात, तेव्हा मोजणी सोडून कोणतेही काम मेन स्विच बंद केल्याशिवाय करू नये.

तारेचाच दोष निघाला, तर उपाय अनेक आहेत, पण सर्व सारखे नाहीत. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे विजेसाठी केबलमधील बारीक तारा सोडून देऊन १.५ चौरस मिलिमीटरची आयएसआय खुणेची दोन पदरी तांब्याची तार स्वतंत्र ओढणे. वरच्या साठ मीटरला मग अर्ध्या व्होल्टच्या आसपासच घट होते. ०.७५ ची तार घेतली तर एक व्होल्टपेक्षा थोडी जास्त जाते, तीही चालण्यासारखी आहे. केबलमधील तिसरी तार मोकळी असेल, तर ती ऋण बाजूला जोडून घेतल्याने त्या बाजूचा रोध निम्मा होतो. हा बिनखर्चाचा उपाय काठावरच्या कॅमेऱ्याला तारून नेतो, पण ऐंशी-शंभर मीटरवर त्याच्या भरवशावर राहू नये. कॅमेऱ्याजवळ मीटरघर किंवा पंपाची खोली असेल, तर तिथेच बारा व्होल्टचा वेगळा ॲडाप्टर बसवणे सोयीचे दिसते, मात्र त्या ठिकाणची वीज शेतीपंपाच्या वाहिनीवरची असेल तर ती ठरावीक तासच येते, आणि चोर काही वेळापत्रक पाळत नाही.

लांब अंतरासाठी मला सर्वांत पसंत असलेली रीत अशी की, खोलीतून २४ व्होल्ट पाठवावेत आणि कॅमेऱ्याशी पेटीत ते १२ वर उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवावा. तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो, म्हणून वाटेतली घटही निम्मी होते, आणि मुख्य म्हणजे वाटेत तीन-चार व्होल्ट गेले तरी कन्व्हर्टर पुढे सरळ १२ देतो. कन्व्हर्टर आधी टेबलावर १२ ला लावून मीटरने तपासावा आणि मगच कॅमेरा जोडावा.

आणखी एक प्रचलित उपाय म्हणजे एसएमपीएसवरील बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवणे. १३ पर्यंत तो क्षम्य आहे. त्यापुढे नेल्यास दूरचा कॅमेरा सुधारतो आणि दहा मीटरवरच्या कॅमेऱ्याला अवाजवी व्होल्टेज मिळते, विशेषतः दिवसा, जेव्हा घट कमी असते. काही ठिकाणी १५ वर नेऊन ठेवलेला एसएमपीएस पाहण्यात येतो. तिथे ओट्यावरचा कॅमेरा वर्षाच्या आत का जळाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

ज्यांच्याकडे नेटवर्क केबलवर चालणारे आयपी कॅमेरे आहेत, त्यांना हा त्रास बराच कमी होतो, कारण पीओईमध्ये (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीत) ४८ व्होल्टच्या आसपास वीज जाते आणि करंट अगदी थोडा लागतो. तिथे रात्री एखादा कॅमेरा जात असेल, तर कॅमेरे ज्याला जोडले आहेत त्या नेटवर्क स्विचची एकूण क्षमता पाहावी : प्रत्येक पोर्ट १५.४ वॉट देऊ शकत असला तरी सर्व पोर्ट मिळून ती मर्यादा वेगळी असते आणि इन्फ्रारेड दिवे एकदम लागले की स्विच एखादा पोर्ट बंद करतो. अंतर शंभर मीटरच्या आत ठेवावे आणि नेटवर्क केबलही सीसीए नसावी.

चित्र जात नाही पण रात्री पांढरे धुके भरते, हा प्रकार निराळा आहे आणि त्याची गल्लत वरच्या दोषाशी करू नये. कॅमेऱ्याच्या दिव्यांचा उजेड जवळच्या कशावर तरी आपटून परत येतो. कोळ्याचे जाळे, वळचणीचा पत्रा, काचेवरची धूळ, किंवा कॅमेऱ्यासमोर वाढून आलेले केळीचे पान, यांपैकी काहीतरी सापडतेच. दिव्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, म्हणून आठवड्यातून एकदा मऊ फडके फिरवणे एवढाच खरा उपाय आहे. वाढत्या केळीचा अंदाज घेऊन कॅमेरा लावताना उंची ठरवावी. लागवडीच्या वेळी मोकळी दिसणारी नजर घड निसवण्याच्या वेळी पूर्ण झाकलेली असते.

रावेर-यावलकडे बागेत सोलरवर चालणारे सिमकार्डचे कॅमेरे आता पुष्कळ दिसतात आणि त्यांचीही रात्री बंद पडण्याची तक्रार आहे, परंतु तिथे तारेचा संबंध नसतो. पावसाळ्यातील ढगाळ दिवस हे उघड कारण झाले. न सुचणारे कारण भर उन्हाळ्यातले आहे : बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू दिले जात नाहीत, संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवते. मे महिन्यात उन्हातल्या बंद डबीत हे तापमान सकाळीच ओलांडले जाते, त्यामुळे ऊन रग्गड असूनही बॅटरी भरत नाही आणि मध्यरात्रीनंतर कॅमेरा मान टाकतो. पॅनेल उन्हात आणि कॅमेरा व बॅटरी पॅनेलच्या सावलीत, अशी मांडणी केली की फरक पडतो. पॅनेल दक्षिणेकडे कललेले असावे आणि त्यावरची धूळ पुसावी. हलणाऱ्या पानांमुळे कॅमेरा रात्रभर जागा होत राहतो आणि प्रत्येक वेळी मोबाइल नेटवर्कवर चित्र पाठवताना बॅटरी खर्ची पडते. ॲपमध्ये हालचाल ओळखण्याचे क्षेत्र फक्त पायवाटेपुरते आखून संवेदनशीलता कमी केल्यास ती वाचते.

दुरुस्ती झाल्यावर त्याच रात्री सर्व कॅमेऱ्यांचे दिवे लागलेले असताना एसएमपीएसवरचा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेला आकडा मोजावा आणि तारखेसह कागदावर लिहून तो डीव्हीआरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी येणारा मेकॅनिक कोणीही असो, एसएमपीएसचा आकडा तोच राहून फाटकाचा उतरला असेल तर तो जोड उघडून पाहील, आणि दोन्ही उतरले असतील तर शिडी न लावता एसएमपीएस बदलेल.